साक्षीच्या समन्सची तारीख चुकली, तर पुढे काय करावे

न्यायालयाने साक्षीसाठी पाठवलेल्या समन्सची तारीख उलटून गेल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया गप्प बसण्याची असते. पुन्हा बोलावतील तेव्हा जाऊ, किंवा पोलीस आले तर सांगू, असे म्हणून तो कागद पुन्हा कपाटात जातो. तारखेला गैरहजर राहणे ही चूक आहेच. परंतु प्रकरण खऱ्या अर्थाने बिघडते ते त्यानंतरच्या गप्प राहण्यामुळे, कारण गैरहजर साक्षीदाराविरुद्ध काही करण्यापूर्वी न्यायालय साधारणपणे दोन गोष्टी पाहते. समन्सची बजावणी त्या व्यक्तीला वेळेत येता येईल अशा रीतीने झाली होती का, हा एक प्रश्न. आणि न येण्यास काही रास्त कारण दिले आहे का, हा दुसरा. साक्षीदाराने पुढे जे काही करायचे, ते या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर आणण्यासाठी करायचे, हे ध्यानात ठेवले की पुढचा मार्ग बराच सोपा होतो.

आधी हातातला कागद नीट वाचावा. सांगली जिल्ह्यात असा कागद विजयनगरच्या जिल्हा व सत्र न्यायालयातून आलेला असू शकतो, किंवा मिरज, विटा, तासगाव, जत, शिराळा अशा ठिकाणच्या न्यायालयातून; कधी तो न्यायालयाचा नसून पोलीस ठाण्याची नोटीस असतो. हा फरक महत्त्वाचा आहे. तपासी अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 179 खाली जबाबासाठी बोलावतो तेव्हा स्त्रियांना, 60 वर्षांवरील व 15 वर्षांखालील पुरुषांना, तसेच दिव्यांग आणि गंभीर आजारी व्यक्तींना त्यांच्या राहत्या ठिकाणाहून अन्यत्र येण्याची सक्ती करता येत नाही. न्यायालयाच्या समन्सला मात्र ही सवलत आपोआप लागू होत नाही. तेथे वय किंवा आजार हे कारण न्यायाधीशांपुढे मांडावे लागते. कागदावर न्यायालयाचा शिक्का, पीठासीन अधिकाऱ्याची सही, प्रकरणाचा क्रमांक (आर.सी.सी. म्हणजे दंडाधिकाऱ्यांपुढील नियमित फौजदारी खटला, सेशन केस किंवा दिवाणी मुकदमा), पक्षकारांची नावे, आणि आपल्याला कोणत्या नात्याने बोलावले आहे, हे पाहावे. आपले नाव आरोपी किंवा प्रतिवादी म्हणून असेल तर हे टिपण बाजूला ठेवून त्याच दिवशी वकिलाकडे जावे, कारण आरोपीच्या गैरहजेरीचा मार्ग फरारीच्या जाहीरनाम्यापर्यंत जाऊ शकतो आणि प्रतिवादीविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊ शकतो. येथे विचार साक्षीदाराचाच केला आहे.

परदेशातल्या मालिका पाहणाऱ्या तरुण वाचकांना न्यायालयीन बोलावणे म्हटले की ज्युरी, म्हणजे खटल्यात निर्णय देणारे सामान्य नागरिकांचे मंडळ, आठवते. अमेरिकेत ज्युरीसाठी नागरिकांची नावे निवडून त्यांना समन्स पाठवतात, आणि तेथील संघीय न्यायालयात सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड, तीन दिवसांपर्यंत कैद किंवा समाजसेवेचा आदेश होऊ शकतो. आपल्याकडे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील 1959 च्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी दिलेला निर्णय सत्र न्यायाधीशांनी अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले होते, आणि 1 एप्रिल 1974 पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही. पारशी विवाह कायद्याखालील न्यायालयात पाच प्रतिनिधी बसतात, तेवढाच त्या पद्धतीचा अवशेष उरला आहे. त्यामुळे सामान्य माणसाचा न्यायालयाशी सक्तीचा संबंध येतो तो साक्षीदार म्हणून, आणि खेड्यापाड्यांत तर बहुधा पंच म्हणून. चोरी, अपघात किंवा दारूबंदीच्या छाप्यात पोलिसांनी शेजारच्या दुकानदाराला किंवा ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याला बोलावून पंचनाम्यावर सही घेतलेली असते. त्या सहीचा त्या माणसाला विसर पडतो, आणि काही वर्षांनी समन्स आले की हे आपल्यासाठी नसावेच, असे त्याला वाटते. पंचाचे समन्स हे साक्षीदाराचेच समन्स असते आणि त्याचे परिणामही तेच असतात.

आता बजावणीविषयी. फौजदारी प्रकरणातील समन्स शक्यतो व्यक्तीच्या हाती दिले जाते आणि दुसऱ्या प्रतीच्या मागे पोच म्हणून सही घेतली जाते. ती व्यक्ती शोधूनही सापडली नाही तर तिच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ सदस्याकडे प्रत देता येते. पूर्वीच्या संहितेत हा सदस्य पुरुषच असावा अशी अट होती, ती 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने काढली. म्हणजे आई, पत्नी किंवा सुनेने घेतलेले समन्स आता बजावलेले समन्स धरले जाते. नोकर मात्र कुटुंबातील सदस्य मानला जात नाही. यांपैकी काहीच जमले नाही तर घराच्या दर्शनी भागी प्रत चिकटवून तसा अहवाल दिला जातो, आणि ती बजावणी ग्राह्य धरायची की नवे समन्स काढायचे हे न्यायालय चौकशी करून ठरवते. सरकारी नोकरीत असणाऱ्यांचे समन्स सामान्यतः कार्यालयप्रमुखाकडे जाते. साक्षीदाराला समन्स नोंदणीकृत टपालाने किंवा इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते. टपाल घेण्यास नकार दिला असा शेरा आला तर न्यायालय बजावणी झाली असे जाहीर करू शकते, तेव्हा पोस्टमनला परत पाठवण्यात काही शहाणपणा नाही.

हे तपशील सांगण्याचे कारण असे की, या जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांची तारीख चुकते ती टाळाटाळीमुळे नव्हे. खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यवसायातील कुटुंबे देशभर विखुरलेली आहेत. समन्स गावाकडच्या घरी वृद्ध आईच्या हाती पडते आणि मुलगा तमिळनाडूत किंवा केरळात सोने-चांदी गाळण्याच्या दुकानात असतो. कोणी ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर गेलेला असतो, कोणी सैन्यात असतो. आईने समन्स घेतले असेल तर कायद्याच्या दृष्टीने बजावणी झाली असे धरले जाण्याची शक्यता मोठी आहे; मात्र ती आपल्यासोबत राहत नव्हती, किंवा कागद तारखेच्या आदल्या दिवशी पोहोचला आणि तेथून येणे शक्यच नव्हते, या गोष्टी न्यायालयाला सांगण्यासारख्या आहेत. म्हणून समन्स कोणाच्या हाती, कोणत्या दिवशी आले, हे घरच्यांना विचारून लगेच लिहून ठेवावे आणि पाकीट असेल तर तेही जपावे.

यानंतर त्या तारखेला नेमके काय झाले ते शोधावे. ई-कोर्ट्स सेवेच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला, किंवा जिल्हा व न्यायालय निवडून प्रकरण क्रमांक व वर्ष दिले, की पुढची तारीख आणि प्रकरणाचा टप्पा दिसतो. ॲपवरील नोंद त्रोटक असते. वॉरंट निघाले की नाही याची खात्री त्या न्यायालयाच्या कारकुनाकडे रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद, विचारूनच करावी. फौजदारी प्रकरणात आपल्याला बहुधा सरकार पक्षाने बोलावलेले असते, त्यामुळे त्या न्यायालयातील सरकारी वकिलांना किंवा ज्या पोलीस ठाण्याचा गुन्हा आहे तेथील पैरवी करणाऱ्या कर्मचाऱ्याला भेटणेही उपयोगी पडते. पुष्कळदा असे कळते की त्या दिवशी न्यायाधीश रजेवर होते, आरोपीच हजर नव्हता, किंवा बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) काम जास्त असल्याने प्रकरण पुढे गेले. तेव्हा साक्षीदाराच्या गैरहजेरीने फारसे बिघडलेले नसते. तरीही पुढची तारीख स्वतःहून टिपून घ्यावी. नवे समन्स येण्याची वाट पाहू नये.

पुढच्या तारखेपर्यंत न थांबता, शक्य असेल तितक्या लवकर न्यायालयात जाऊन लेखी अर्ज देणे हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. साक्षीदाराला त्यासाठी वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्ज साध्या मराठीत, एका पानात बसावा. वर न्यायालयाचे नाव, त्याखाली प्रकरण क्रमांक व पक्षकार, मग साक्षीदाराचे नाव, वय, पत्ता आणि मोबाइल क्रमांक, आणि मजकूर साधारण पुढीलप्रमाणे: "वरील प्रकरणी मला अमुक तारखेस साक्षीकामी हजर राहण्याचे समन्स होते. सदर समन्स माझ्या आईस अमुक रोजी मिळाले. मी त्या वेळी कामानिमित्त परराज्यात असल्याने व मला त्याची माहिती अमुक रोजी झाल्याने मी हजर राहू शकलो नाही. माझी गैरहजेरी हेतुपुरस्सर नव्हती. मी साक्ष देण्यास तयार असून न्यायालय नेमील त्या तारखेस हजर राहीन. तरी माझी गैरहजेरी माफ व्हावी व माझ्याविरुद्ध वॉरंटचा आदेश झाला असल्यास तो रद्द व्हावा, ही विनंती." सोबत कारणाचा पुरावा जोडावा: रुग्णालयाचे कार्ड व डिस्चार्जचा कागद, रेल्वेचे तिकीट, कंपनीचे पत्र, घरात मृत्यू झाला असल्यास दाखला. अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि आपल्या प्रतीवर दाखल झाल्याची पोच घ्यावी. शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात, आणि पुढे अर्ज दिला होता हे सांगण्यापलीकडे त्यांच्या हाती काही उरत नाही.

कारणांबाबत एक स्पष्ट मत. ओळखीच्या डॉक्टरकडून मागाहून घेतलेला तापाचा दाखला जोडण्यापेक्षा "तारीख लक्षात राहिली नाही, चूक झाली, आज हजर आहे" असे प्रामाणिकपणे लिहिणे केव्हाही बरे. खोटा दाखला उघड झाला तर साध्या गैरहजेरीचे रूपांतर वेगळ्या आणि गंभीर गुन्ह्यात होऊ शकते. शिवाय न्यायालयांना असे दाखले नवीन नाहीत.

वॉरंट निघाले असेल तर ते कोणत्या प्रकारचे आहे, हे प्रथम पाहावे. संहितेच्या कलम 90 प्रमाणे समन्स वेळेत बजावले गेल्याचे सिद्ध झाले आणि न येण्याचे रास्त कारण दिले गेले नाही, तर न्यायालय वॉरंट काढू शकते. व्यक्ती फरार झाली आहे किंवा समन्स पाळणार नाही असे वाटण्यास कारण असेल तर त्याआधीही काढू शकते. व्यवहारात बहुधा पहिले वॉरंट जामीनपात्र असते. इंदर मोहन गोस्वामी प्रकरणात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजामीनपात्र वॉरंट सरसकट काढू नये, समन्स किंवा जामीनपात्र वॉरंटाने काम होत असेल तर तेच वापरावे, अशी दिशा दिली आहे. जामीनपात्र वॉरंटावर किती रकमेचा जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) व किती जामीनदार हे लिहिलेले असते, आणि तेवढे दिले की पोलिसांनी त्या व्यक्तीला ठरलेल्या तारखेला हजर राहण्याच्या हमीवर सोडायचे असते. जामीनदार लागत असेल तर त्याचे आधार कार्ड, रेशन कार्ड व सातबाराचा उतारा तयार ठेवावा. आपण आधीच न्यायालयात हजर होऊन वॉरंट रद्दचा अर्ज दिला, तर मुळात पोलीस दारी येण्याचा प्रसंग टळतो.

अजामीनपात्र वॉरंट असेल तर मात्र वकिलासह स्वतः न्यायालयात जावे. केवळ वकिलाच्या हाती अर्ज पाठवून असे वॉरंट रद्द होईल या भरवशावर राहू नये. न्यायालयाला ती व्यक्ती समोर हवी असते, म्हणूनच ते वॉरंट निघालेले असते. सकाळी कामकाज सुरू होताना हजर होऊन अर्ज द्यावा, म्हणजे त्यावर त्याच दिवशी आदेश होण्यास आणि सरकारी वकिलांचे म्हणणे येण्यास वेळ मिळतो. तारीख उलटली म्हणजे वॉरंट संपले, असा एक समज गावोगाव आढळतो. वॉरंट न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत जिवंत राहते, वर्ष उलटले तरी. परजिल्ह्यात अटक झाली आणि ज्या न्यायालयाने वॉरंट काढले ते तेथून 30 किलोमीटरच्या आत नसेल, तर साधारणपणे त्या व्यक्तीला जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे किंवा पोलीस अधीक्षकांपुढे नेले जाते आणि वॉरंट जामीनपात्र असल्यास जामिनाचा प्रश्न तेथेच सुटू शकतो. कोइमतूरमध्ये दुकान असलेल्या माणसाला हे माहीत असणे चांगले. खालच्या न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वेळ क्वचितच येते. आली तरी सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचच्या अधिकारक्षेत्रात आल्याने मुंबईची वारी आता टळते.

शिक्षेविषयी घाबरवणाऱ्या बऱ्याच गोष्टी कानी येतात, म्हणून तरतूद नेमकी सांगणे बरे. सबळ कारणाशिवाय न आलेल्या साक्षीदारावर फौजदारी न्यायालय संहितेच्या कलम 389 खाली संक्षिप्त कारवाई करून 500 रुपयांपर्यंत दंड करू शकते. जुन्या संहितेत ही मर्यादा 100 रुपये होती, आणि 1 जुलै 2024 पूर्वीपासून प्रलंबित असलेल्या प्रकरणांचे कामकाज जुन्या संहितेप्रमाणेच चालू आहे. दंडापूर्वी कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते आणि दंडाच्या आदेशावर अपील करता येते. याहून कडक तरतूद भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 208 मध्ये आहे: न्यायालयात हजर राहण्याचा आदेश हेतुपुरस्सर मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, 10,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समन्स घेणे टाळण्यासाठी फरार होणे हा वेगळा गुन्हा आहे. पण कलम 208 मधला कळीचा शब्द "हेतुपुरस्सर" हा आहे, आणि पुढच्याच आठवड्यात स्वतःहून अर्ज देऊन हजर झालेल्या माणसाचा हेतू वाईट होता असे म्हणणे अवघड असते.

दिवाणी दाव्यात नियम थोडे वेगळे आहेत. तेथे साक्षीदाराला बोलावणारा पक्षकार त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आधी न्यायालयात भरतो. गैरहजर साक्षीदारावर वॉरंट, मालमत्तेची जप्ती आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 32 प्रमाणे 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढच्या तारखेलाही येणे खरोखर अशक्य असेल तर ते आधी सांगावे, नंतर नव्हे. अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार वृद्ध साक्षीदाराची साक्ष घेण्यासाठी न्यायालय कमिशन, म्हणजे न्यायालयाच्या वतीने साक्ष नोंदवणारी व्यक्ती, नेमू शकते, आणि नव्या संहितेने साक्ष दृक्-श्राव्य इलेक्ट्रॉनिक माध्यमातून घेण्याची मुभा दिली आहे. न्यायालयाची परवानगी लागते, म्हणून अर्जात आपण कोठे आहोत आणि का येऊ शकत नाही हे पुराव्यासह लिहावे.

तारखेला न जाण्याचे एक कारण मात्र अर्जात क्वचितच लिहिले जाते, ते म्हणजे भीती. आरोपी त्याच वाडीतला असतो, भावकीतला असतो, त्याच्या विहिरीवरून पाणी येत असते, आणि साक्षीच्या आदल्या रात्री कोणीतरी दारात येऊन "उद्या जाऊ नको" एवढेच सांगून जाते. अशा वेळी गैरहजर राहिल्याने सुटका होत नाही. उलट साक्षीदारावरच वॉरंट निघते आणि दबाव आणणाऱ्याचे काम फुकटात होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. त्या योजनेप्रमाणे जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणासाठी अर्ज करता येतो, पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो, आणि गरजेप्रमाणे घराजवळ गस्त, न्यायालयापर्यंत सोबत, किंवा आरोपीच्या थेट समोर न येता साक्ष देण्याची व्यवस्था होऊ शकते. अर्जाच्या गुप्ततेची तरतूद योजनेत आहे. हा अर्ज कसा करायचा ते सरकारी वकिलांना विचारावे. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय मदत करते. धमकीचा फोन आला असेल तर नोंद पुसू नये.

अलीकडे चुकलेल्या तारखेच्या नावाखाली फसवणूक करणारे फोनही येतात. "तुमच्यावर वॉरंट आहे, आत्ता दंड भरा, नाहीतर तासाभरात अटक" असे सांगून यूपीआयने पैसे मागितले जातात, व्हिडिओवर गणवेशातला माणूस दाखवला जातो. अमेरिकेत ज्युरीची तारीख चुकली असे सांगून याच प्रकारे लोकांना लुबाडतात. न्यायालयाचा दंड न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय होत नाही आणि तो कोणा व्यक्तीच्या खात्यात फोनवरून भरायचा नसतो. असा फोन आल्यास प्रकरण क्रमांक मागावा, फोन ठेवावा, आणि ई-कोर्ट्सवर किंवा प्रत्यक्ष न्यायालयात चौकशी करावी. पैसे गेले असतील तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

नव्या तारखेला जाताना समन्सची किंवा अर्जाची प्रत व ओळखपत्र बरोबर ठेवावे आणि पोहोचल्यावर कारकुनाकडे किंवा सरकारी वकिलांकडे आपण आल्याची नोंद करावी, म्हणजे पुकारा झाला तेव्हा आपण चहाच्या टपरीवर होतो असा प्रसंग येत नाही. पंच असाल तर पंचनाम्यावरील आपली सही व मजकूर सरकारी वकिलांकडे वाचायला मागावा. जे आठवत नाही ते आठवत नाही असे सांगण्यास संकोच करू नये. फौजदारी प्रकरणात शासनाच्या नियमांप्रमाणे भत्ता मंजूर करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, त्यामुळे प्रवासाचे तिकीट जपून ठेवून भत्त्याची मागणी त्याच दिवशी करावी, आणि नोकरी करणाऱ्यांनी उपस्थितीचा दाखला मागून घ्यावा. साक्ष त्या दिवशी झाली नाही तर जाण्यापूर्वी न्यायालयाची परवानगी आणि पुढची तारीख घ्यावी, कारण कलम 389 मध्ये न येणारा साक्षीदार आणि वेळेपूर्वी परवानगीशिवाय निघून जाणारा साक्षीदार यांना एकाच मापाने मोजले आहे.